पळताना नाही, थांबल्यावर

पत्र :

मॅडम, मी २१ वर्षांची आहे, फलटण तालुक्यातल्या एका गावातली. दीड वर्ष झालं, पोलीस भरतीची तयारी करतेय. तालुक्याच्या गावी अकॅडमीत राहते. गोळा आणि शंभर मीटर चांगले जातात, आठशेला मार खाते. पळून संपलं की पाच मिनिटांत खोकला सुरू होतो, छाती आवळते, बारीक शिट्टी वाजते. अर्ध्या-पाऊण तासात आपोआप बरं वाटतं. सर म्हणतात स्टॅमिना नाही, अजून पळ. दिवाळीपासून वाढलंय. मागच्या महिन्यात घरून आजोबांचा दम्याचा पंप गुपचूप आणला. पळायच्या आधी दोनदा मारला, तर खोकला आला नाही आणि टायमिंग नऊ सेकंदांनी सुधारलं. रूममेट म्हणते हे स्टिरॉइड आहे, ही चीटिंग झाली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, पंपाची सवय लागली की सुटत नाही, आणि मुलीला दमा आहे हे बाहेर कळलं तर लग्न जमायचं नाही. नडगी दुखते म्हणून रोज रात्री जेवून एक गोळी घेते आणि लगेच झोपते, कारण साडेचारला उठायचं असतं. खोलीत डास फार, म्हणून रात्रभर कॉइल असते. मी काय करू? मेडिकलला बाद करतील का?
– एक उमेदवार

उत्तर :

पळून संपलं की पाच मिनिटांत. तुझ्या पत्रातले हे चार-पाच शब्द मी दोनदा वाचले. माझ्यासमोर बसून पेशंट इतकं नेमकं क्वचितच सांगतात.

स्टॅमिना कमी असलेला माणूस पळताना दमतो आणि थांबला की सावरतो. तुझं उलटं आहे. तू पळतेस आणि थांबल्यावर छाती आवळते, दहा-पंधरा मिनिटं त्रास वाढत जातो, मग तासाभराच्या आत ओसरतो. हे घड्याळ व्यायामाने उठणाऱ्या दम्याचं आहे. शंभर मीटर आणि गोळाफेक चांगली जाते हाही त्याचाच पुरावा. काही सेकंदांच्या जोराने श्वासनळ्यांचं बिघडत नाही. सलग काही मिनिटं धाप लागेल असं पळालं की बिघडतं. सरांना हे सांगून बघ. त्यांचं चुकलं असं म्हणू नकोस, नुसतं विचार, ‘सर, स्टॅमिना नसेल तर मला खोकला थांबल्यावर का येतो?’

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. बसल्याजागी आपण नाकाने श्वास घेतो आणि नाक ती हवा गरम आणि ओलसर करून आत पाठवतं. आठशेच्या दुसऱ्या फेरीत नाक पुरत नाही, तोंड उघडतं आणि पहाटेची थंड, कोरडी हवा थेट श्वासनळ्यांत जाते. नळ्यांच्या आतला ओलावा उडतो, उरलेला थर जास्त खारट होतो. संवेदनशील नळ्यांना हे सोसत नाही. तिथल्या पेशी हिस्टामिनसारखे पदार्थ सोडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. पळत असताना शरीर नळ्या बऱ्यापैकी उघड्या ठेवतं, म्हणून खरा मार थांबल्यावर बसतो.

मग दिवाळीपासूनच का वाढलं? तुमच्या भागात तेव्हा थंडी पडते, ऊसतोड सुरू होते, पाचट पेटतं. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, धूर वर जात नाही, मैदानावरच साचून राहतो. तुम्ही पळायला उतरता ती नेमकी तीच वेळ. त्यात पावसाळा संपता संपता मैदानाच्या कडेला गाजर गवत फुललेलं असतं. हे आपलं गवत नव्हे. पन्नासच्या दशकात ते पहिल्यांदा पुण्यात नजरेस आलं आणि मग देशभर पसरलं. त्याच्या परागाने अनेकांना शिंका येतात, त्वचेला खाज सुटते, दमाही उठतो. ग्राउंडच्या कडेला ते असेल तर हातमोजे घालून, फुलायच्या आधी, मुळासकट उपटा. अकॅडमीत पन्नास पोरं असतील तर एका रविवारचं काम आहे.

आता तपासणी. मी तुझं पत्र वाचून अंदाज करतेय, निदान करत नाहीये. फलटणहून साताऱ्याला जा किंवा पुण्याच्या ससूनला, छातीच्या डॉक्टरांना दाखव आणि स्पायरोमेट्री करून घे. नळीत जोरात फुंकायची ती तपासणी. एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर तू निराश होऊन परत येशील. शांत बसून केलेली स्पायरोमेट्री अगदी नॉर्मल येऊ शकते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. डॉक्टरांना सांग, पळाल्यावर होतं, पळवून बघा. तिथे ती सोय नसेल तर पीक फ्लो मीटर घे. प्लॅस्टिकची साधी नळी असते, काटा सरकतो, औषधाच्या दुकानात मिळते. पळायच्या आधी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिही. मग सहा-आठ मिनिटं नेहमीच्या जोराने पळ, पंप न घेता, सोबत कुणीतरी असताना आणि पंप हाताशी ठेवून. थांबल्यावर पाच, दहा, पंधरा आणि तीस मिनिटांनी पुन्हा फुंक. आकडा पंधरा टक्क्यांहून जास्त घसरला तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेव. वहीतल्या आकड्यांशी वाद घालता येत नाही.

दम्यासारखंच दिसणारं आणखी दोन-तीन प्रकारचं दुखणं असतं. श्वास बाहेर सोडताना नव्हे तर आत घेताना घशाशी अडकतो, आवाज घशातून येतो आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत मोकळं होतं, पंपाने काहीच फरक पडत नाही, असं असेल तर गोष्ट स्वरयंत्राची असते. त्याचा इलाज श्वासाचे व्यायाम हा आहे. दुसरं, हिमोग्लोबिन. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. त्यात तू नसशीलच असं नाही. रक्त कमी असलं की पळतानाच धाप लागते, छाती धडधडते. दमा आणि पांडुरोग दोन्ही एकाच अंगात सुखाने नांदतात, म्हणून सीबीसी ही रक्ताची तपासणी करून घे. आणि जेवणाला लागून चहा पिऊ नकोस, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तिसरं, पळताना छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चक्कर येऊन पडलीस, तर दम्याचा विचार बाजूला. त्या दिवशी पळणं बंद आणि आधी हृदयाची तपासणी.

पंपाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण तुझ्या घरात आणि खोलीत सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याभोवती आहेत.

आजोबांचा तो पंप बहुधा साल्ब्युटामॉलचा असणार, आवळलेल्या नळ्या सैल करणारा. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. हेच औषध गोळीतही मिळतं, ४ मिलिग्रॅमची. हिशेब कर. एक गोळी म्हणजे ४० फवाऱ्यांइतकं औषध, तेही पोटातून सगळ्या अंगात फिरणारं, हात थरथरवणारं. आपल्याकडे लोक ती गोळी बिनधास्त गिळतात आणि दोन फवाऱ्यांना घाबरतात! पंपाची सवय लागत नाही. दमा जुनाट असतो म्हणून औषध पुन्हा पुन्हा लागतं. चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणतो का?

पण आईच्या बोलण्यात खऱ्याचा एक अंश आहे, तोही सांगते. हा मोकळं करणारा पंप रोज आणि एकटाच वापरला तर त्याचा बचाव कमी कमी होत जातो, आणि नळ्यांची आतली सूज तशीच राहते. म्हणून २०१९ पासून दम्याबाबतची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मोठ्या माणसांचा दमा नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका. सूज कमी करणारं श्वासातलं औषध सोबत हवं. रोजचा लहान डोस द्यायचा की पळायच्या आधी आणि गरजेपुरता दोन औषधांचा एकत्र पंप द्यायचा, हे डॉक्टर तुझे आकडे बघून ठरवतील. त्यातलं सूज कमी करणारं औषध हे स्टिरॉइडच असतं. हा शब्द ऐकून रूममेट उडी मारेल. तिला सांग, जिममधली पोरं दंड फुगवायला टोचतात ते वेगळं, आणि हे मायक्रोग्रॅममध्ये फुप्फुसात जाणारं वेगळं. नाव एक, काम दुसरं. हा पंप घेतल्यावर खळखळून गुळण्या करायच्या, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

आता चीटिंग. साल्ब्युटामॉलचा पंप ऑलिम्पिकच्या खेळाडूंनाही चालतो, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही आठ तासांत ६०० च्या आत. तुझे दोन फवारे म्हणजे २००. दमा नसलेल्या मुलीने हे दोन फवारे मारून आठशे पळून बघितलं तर तिचं टायमिंग सुधारत नाही. तुझं सुधारलं, कारण तुझ्या नळ्या बंद होत होत्या आणि त्या दिवशी झाल्या नाहीत. ते नऊ सेकंद पंपाचे नव्हेत, तुझेच होते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकआधी अमेरिकेने आपल्या ५९७ खेळाडूंची याच गोष्टीसाठी तपासणी केली. ६७ जणांना व्यायामाने दमा उठत होता. त्यांच्यावर रीतसर उपचार झाले आणि त्या ६७ जणांनी मिळून ४१ पदकं आणली. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफला शाळकरी वयातच हे निदान झालं होतं. २००३ मध्ये तिने लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पळून बायकांचा जो विश्वविक्रम केला, तो २०१९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

मला शाळेत पीटीच्या तासाला ‘ही नाजूक आहे’ म्हणून वडाखाली बसवत असत, चपला सांभाळायला. मला दमा आहे हे कळायला मेडिकलचं तिसरं वर्ष उजाडलं. म्हणून हे जरा तावातावाने लिहितेय, समजून घे.

पंप मारायची पद्धत कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घे. निम्म्याहून जास्त लोक औषध जिभेवर मारतात आणि पंप उपयोगाचा नाही म्हणतात. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढायला लागतानाच दाबायचं, मग दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरायचा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. पंपाच्या तोंडाला स्पेसरची पोकळ नळी लावून तिच्यातून श्वास घेतला तर सगळं सोपं होतं. पळायच्या साधारण पंधरा मिनिटं आधी घ्यायचा, शर्यतीची शिट्टी वाजायच्या क्षणी लाइनवर उभं राहून नव्हे.

वॉर्मअप कसा करतेस ते तू लिहिलेलं नाहीस. बहुतेक अकॅडम्यांत दोन राउंड आणि हातपाय हलवले की झालं. तुझ्यासाठी वॉर्मअप हे अर्धं औषध आहे. दहा-पंधरा मिनिटं हळू पळणं आणि मध्ये मध्ये वीस-तीस सेकंदांच्या सहा-सात जोरदार पळत्या. त्याने नळ्या थोड्याशा आवळून मोकळ्या होतात आणि नंतर तास-दोन तास बऱ्याच जणांना पुन्हा तितका त्रास होत नाही. ग्राउंडच्या दिवशी आठशे कधी आहे ते बघून याची वेळ लाव. थंडीत नाक-तोंडावर स्कार्फ घेऊन पळ, स्कूटीवर घेता तसाच. आत ओलसर, कोमट हवा जाते. आणि शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत तुझं लांब अंतराचं पळणं ऊन वर आल्यावर किंवा संध्याकाळी ठेव. सर म्हणतील, परीक्षा सकाळी असते. असू दे, आठवड्यातून एखादा दिवस सकाळचा सराव कर. रोज पहाटे धूर ओढायची गरज नाही.

आता त्या सवयी, ज्या तू ‘आणि हो’ म्हणून जाता जाता लिहिल्यास. माझ्या दृष्टीने निम्मा आजार तिथे आहे.

कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं की एक कॉइल पूर्ण जळली की त्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात. तू बंद खोलीत, उशाशी, रात्रभर. आणि पहाटे त्याच नळ्या घेऊन मैदानावर. बाकी काही जमलं नाही तरी आजच मच्छरदाणी आण. दोघी-तिघींच्या वर्गणीत होईल. उदबत्ती-धूपही खोलीत नको, देव रागवत नाही.

जेवण. साडेनऊला मेस, दहाला आडवी. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल घशाकडे चढतं आणि रात्रीचा कोरडा खोकला, सकाळी बसलेला घसा, चिडलेल्या नळ्या, हे सगळं त्यातून येतं. जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तास ठेव. मेसवाल्या मावशींना सांगून डबा साडेसातला घे, अभ्यास नंतर कर. उठल्या उठल्या उपाशीपोटी कडक चहा घेत असशील तर त्याऐवजी केळं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ खा.

गोळी. रोज घेतेस ती कुठली, लिहिलं नाहीस. मेडिकलवाल्याने पान कापून दिली असेल तर बहुधा डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. दमा असलेल्या काही जणांना या गोळ्यांनीच दमा उठतो. गोळीनंतर तास-दोन तासांत नाक चोंदतं का, छाती भरते का, आठवून बघ. हे घडत असेल तर डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांग. तसं नसलं तरी रोज गोळी खाऊन पळणं म्हणजे गाडीचा लाल दिवा फोडून गाडी चालवणं. नडगी दुखते कारण तू डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, एकदम अंतर वाढवून पळतेस. (हे तू लिहिलेलं नाहीस, पण भरतीच्या पोरांच्या नडग्या मी इतक्या बघितल्यात की पैज लावायला तयार आहे.) मातीवर पळ, दोन आठवडे अंतर निम्मं कर, बर्फाने शेक. एका बोटाने दाबल्यावर हाडाच्या एकाच ठिकाणी जीव जातो असं दुखत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा एक्स-रे काढ आणि पळणं पूर्ण थांबव. पाळी चुकत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलींच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात.

एवढं पाठ कर आणि रूममेटलाही सांग. पूर्ण वाक्य बोलता येत नाहीये, ओठ निळसर झालेत, पंपाने पंधरा-वीस मिनिटांत उतार नाही, तर वाट बघायची नाही. ताठ बसवायचं, स्पेसरमधून एकेक करून चार फवारे द्यायचे आणि १०८ ला फोन करायचा. ‘आपोआप बरं वाटतं’ हे दर वेळी होईलच असं नाही.

मेडिकलबद्दल. तिथला निर्णय तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा असतो, मी इथे बसून तुला शब्द देणार नाही. पण दोन मुली डोळ्यांपुढे आण. एकीने कधी तपासणी केलेली नाही, ती ग्राउंडवर खोकत बसलीय. दुसरीच्या फाइलमध्ये सहा महिन्यांची स्पायरोमेट्री आहे, आकडे नॉर्मल आहेत, छातीच्या डॉक्टरांचं पत्र आहे. लपवून काही मिळेल तर फक्त पहिली मुलगी होण्याची संधी. शिवाय पोलिसातली नोकरी मिळाली की तीन-चार महिन्यांत संपत नाही, बंदोबस्तात धूर, धूळ, रात्रपाळ्या सगळं आहे. तिथे तुला उपचार लागणारच.

आणि लग्न. आईला पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. त्यांच्या तोंडून तिने ऐकलेलं बरं. तुझ्या आजोबांना दमा आहे, त्यांचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, नात आठशे मीटर पळते. हे तिच्या लक्षात आणून द्यायला हरकत नाही, फक्त ती भाकरी थापत नसताना.

या आठवड्यात मच्छरदाणी, जेवणाची वेळ आणि पीक फ्लोचे आकडे. पुढच्या आठवड्यात डॉक्टर. स्वतःच्या नावाचा पंप मिळाला की आजोबांचा त्यांच्या उशाशी नेऊन ठेव. रात्री त्यांना लागत असेल, आणि महिनाभर ते तो शोधत असतील.